ताशतेमिर आकेंची पावलं

हजला जाणाऱ्यांची तयारी अनारकुलने करून घेतली की निम्मी यात्रा झाली, असं आमच्या भागात लोक म्हणायचे. कारादर्या नदीच्या काठावर, उझगेन शहराहून तासाभराच्या अंतरावर आमचं गाव. गावच्या दवाखान्यात अनारकुल बावीस वर्षं परिचारिका होती आणि मी तिच्या शेजारच्या खोलीत रक्त-लघवी तपासायचे. मधली भिंत पातळ. त्यामुळे वसंत लागला आणि हजवाल्यांची रांग सुरू झाली की तिचा आवाज मला दिवसभर ऐकू यायचा.

"आपा, साबण घेतला का?"

"घेतला गं बाई."

"दाखवा बघू."

"अगं, निघायला अजून महिना आहे! साबण काय आत्तापासून कमरेला बांधून फिरू?"

"फिरा. आणि महिनाभर त्यानेच हात धुवा. तिथे गेल्यावर हातांना आपोआप आठवण होईल."

मेंदूज्वराची लस ती एका झटक्यात द्यायची, समोरचा घाबरायच्या आत. पण लस हे तिच्या मते सगळ्यात सोपं काम. खरी तयारी पुढे. औषधं मोठ्या बॅगेत टाकायची नाहीत, हातातल्या पिशवीत ठेवायची. जुलाब झाले तर मीठ-साखरेच्या पुड्या कशा कालवायच्या, ते ती प्रत्येकाकडून करून घ्यायची आणि चाखूनही बघायची. हज संपताना डोकं भादरतात, तेव्हा न्हाव्याचं पातं चालणार नाही, स्वतःचं न्यायचं. मांड्या घासून सोलतात म्हणून त्यांना लावायला मलम न्यायचं. हे सांगताना म्हातारे माना खाली घालायचे, तर ती म्हणायची, "लाजताय काय? पाचव्या दिवशी फेंगडं चालताना लाज वाटणार नाही का?"

आणि पाय. पायांवर तिचा फार जीव. ओशला एका प्रशिक्षणात ती पायांची तपासणी शिकून आली होती आणि आमच्या तालुक्यात ती एकटीच ती करायची. पेनासारख्या दांडीला एक जाड नायलॉनचा धागा. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांना ती पलंगावर झोपवायची, डोळे मिटायला सांगायची आणि तळव्यावर दहा ठिकाणी तो धागा टेकवायची. लागलं की "लागलं" म्हणायचं. साखरेने पाय बधिर झाले असतील तर माणसाला कळत नाही. खिळा घुसला तरी कळत नाही, निखाऱ्यावर उभा राहिला तरी कळत नाही. अशांच्या बाबतीत आमच्या प्रमुख डॉक्टरांचा नियम होता: घरचं माणूस सोबत असेल तरच जायचं, नाहीतर पुढच्या वर्षी.

त्या वर्षी हज जूनमध्ये आली होती. ताशतेमिर आके मे महिन्याच्या सुरुवातीला तपासणीला आले.

आके म्हणजे आमच्याकडे थोरला भाऊ. पण ताशतेमिर आके अख्ख्या गावाचेच आके होते. एकतीस वर्षं त्यांनी ओश ते आमचं गाव अशी प्रवासी गाडी चालवली. अनारकुल परिचारिकेचं शिकायला ओशला जायची तेव्हा ती धावत येताना दिसेपर्यंत ते गाडी सोडायचे नाहीत. बाकीचे प्रवासी कटकट करायला लागले की म्हणायचे, "गप बसा रे. उद्या तुम्हाला सुई तीच टोचणार आहे. आज चिडवलंत तर बोथट सुई घेईल." हजच्या यादीत त्यांचं आणि त्यांच्या बायकोचं नाव नऊ वर्षांपूर्वी नोंदलं होतं, नंबर आत्ता लागला. बायको, सोनुनबुबू, दोन हिवाळ्यांपूर्वी गेली. मुलगे दोघेही रशियात कामाला. आके एकटेच उरले होते.

त्यांची साखर मीच मोजली. उपाशीपोटी असायला हवी त्याच्या दुपटीहून जास्त. मी आकडा लाल पेनाने लिहिला, डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि आके अनारकुलच्या खोलीत गेले. पुढे काय झालं ते तिने मला खूप नंतर सांगितलं.

त्या दिवशी तिच्याकडे त्रेचाळीस जणांचे कागद होते. यात्रेकरूंच्या तुकडीचा म्होरक्या दारातच उभा होता, संध्याकाळच्या आत सगळे कागद त्याला ओशला पोचवायचे होते. आके पलंगावर आडवे झाले, मोजे काढले, डोळे मिटले.

"गाडी का सोडलीत हो आके?" तिने सहज विचारलं. "अजून दोन वर्षं चालवली असती तुम्ही."

"ब्रेक मऊ लागायला लागला, पोरी. कणकेवर पाय दिल्यासारखा. तीन गॅरेजवाल्यांना दाखवला. तिघेही म्हणतात, ब्रेक ठीक आहे. म्हटलं, मग गाडीच म्हातारी झाली असेल."

ती धागा टेकवू लागली. आके "लागलं, लागलं" म्हणत होते. अगदी तालात. जणू गाडीतली डोकी मोजताहेत. तिला शंका आली. तिने हात मागे घेतला आणि धागा न टेकवता ती थांबून राहिली.

"लागलं," आके म्हणाले.

ती पुन्हा थांबली.

"लागलं. अंगठ्यापाशी."

अनारकुलला वाटलं, म्हातारा हुशारी करतोय. जायला मिळावं म्हणून अंदाजाने ठोकून देतोय. तिला रागही आला आणि दयाही आली. दारात म्होरक्या घड्याळ बघत होता. आकेंच्या घरी निरोपाच्या जेवणासाठी मेंढा बांधलेला होता, सगळ्या गल्लीला बोलावणं गेलं होतं. बायकोच्या नावानेही तिथे प्रार्थना करणार, असं त्यांनी येताजाताना शंभर जणांना सांगितलेलं. तिने कागद ओढला. "पायांची संवेदना" या ओळीपुढे लिहिलं, "ठीक".

"मला वाईट व्हायचं नव्हतं, तुर्सुनाय," ती मला म्हणाली. "एवढंच. आकेंना नाही म्हणणारी बाई मला व्हायचं नव्हतं. दुसरं कुठलंही कारण मी शोधलं तरी ते खोटं आहे."

पण तिच्या मनाला जे खात राहिलं ते हे नव्हतं. खात राहिलं ते पुढचं.

निघायच्या आठवडाभर आधी गावच्या सभागृहात तिचा तो नेहमीचा वर्ग झाला. मीही होते, साखर मोजायची यंत्रं कशी वापरायची ते दाखवायला. इमामही आले होते. ते म्हणाले, ज्यांच्या पायांना दुखणं आहे त्यांनी यात्रेच्या वस्त्रातही पाय झाकून घ्यावेत, एरवी ते चालत नाही, पण त्याचं प्रायश्चित्त देता येतं, जीव सांभाळणं आधी. मग अनारकुल उभी राहिली.

"आता ज्यांचे पाय बधिर आहेत त्यांनी कान देऊन ऐका. मशिदीच्या दारात चपला सोडायच्या नाहीत म्हणजे नाहीत. तिथे लाखो चपला असतात, तुमच्या तुम्हाला परत मिळणार नाहीत. पिशवीत घालायच्या आणि पिशवी पाठीवर. शिवाय एक जादा जोड. दहा पावलंही अनवाणी चालायचं नाही. आणि रोज आरशात तळवे बघायचे. कळलं?"

पिशव्या तिने स्वतः शिवल्या होत्या, लाल कापडाच्या, लांब पट्ट्याच्या. बधिर पायांचे सात जण होते, सातही जणांबरोबर घरचं कुणीतरी चाललं होतं. तिने शिवल्या होत्या आठ. सात वाटून झाल्यावर ती आकेंपाशी गेली. ते पुढच्याच बाकावर बसून सगळं मन लावून ऐकत होते, जसं दुसऱ्याच्या आजाराबद्दल ऐकावं तसं.

"आके, एक उरलीय. घ्या तुम्ही."

"ही बधिर पायवाल्यांची ना?" आके हसले. "मला कशाला? तूच तर लिहिलंयस, ठीक म्हणून. दे एखाद्या बिचाऱ्याला."

आजूबाजूचे हसले. अनारकुल पिशवी हातात धरून उभी राहिली. म्होरक्या शेजारी होता, डॉक्टर समोर होते, इमाम होते. आग्रह केला असता तर कुणीतरी विचारलं असतं, का? तिने पिशवी घडी करून खिशात ठेवली.

"एकदा लिहिलं ना, की मग तोंड बंद होतं," ती म्हणाली. "ठीक लिहिल्यावर मी त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार होते की ठीक नाहीये? त्यांच्या घरी जाऊन दार लावून सांगू शकले असते. मेंढ्याच्या जेवणाला गेलेच होते. पुलाव वाढून घेतला, दोनदा घेतला, आणि परत आले."

मक्केत दुपारच्या नमाजानंतर आके बाहेर आले तेव्हा त्यांच्या चपला दारात नव्हत्या. तुकडीतल्या आणखी तिघांच्याही गेल्या होत्या. बस पंधरा मिनिटांच्या चालीवर उभी होती. ते तिघे सावली शोधत, रुमाल पायाखाली टाकत, शिंगरांसारख्या उड्या मारत चालले. आके मात्र आरामात. शेवटी त्यातला एकजण ओरडला, "आके, तुम्हाला भाजत नाही?" आके थांबले, खाली बघितलं आणि म्हणाले, "नाही रे. गार आहे."

संध्याकाळी खोलीत फरशीवर ओले ठसे दिसले. सोबत्याने विचारलं, नमाजाआधी वजूला धुतलेले पाय पुसले नाहीत का? पाणी नव्हतं ते. दोन्ही तळव्यांची कातडी सुटून लोंबत होती.

तिथल्या डॉक्टरांनी जमेल ते केलं. चाकाच्या खुर्चीवर बसून आकेंनी हज पूर्ण केली. पण परत येईपर्यंत डाव्या पायात पू झाला होता. ओशच्या मोठ्या इस्पितळात आधी बोटं काढली, मग अर्धं पाऊल. उजव्या पायाची दोन बोटं. सप्टेंबरात ते घरी आले, काठ्या घेऊन.

बातमी कळली तेव्हा अनारकुल माझ्या खोलीत आली आणि माझ्या खुर्चीवर बसली. मला वाटलं, तिला चक्कर आलीय. मी पाणी दिलं. ती म्हणाली, "चपला गेल्या त्यांच्या." एवढंच.  तो लाल पेनाने लिहिलेला आकडा माझ्याही डोळ्यांपुढे आला, आणि मी लगेच स्वतःला सांगितलं की मी आकडा बरोबर लिहिला होता, माझं काम तेवढंच. माणूस स्वतःला किती पटकन सोडवून घेतो ते मला त्या दिवशी कळलं.

ती आठवड्यातून तीनदा पट्टी बदलायला जायला लागली. दवाखान्याचं काम संपलं की, न सांगता. आकेंच्या घरी कायम माणसं असायची. हजहून आलेल्याला भेटायला लोक येतात, खजूर तोंडात टाकतात, मक्केच्या झमझम विहिरीचं पाणी घोटभर पितात आणि गोष्टी ऐकतात. आकेंकडे एकच गोष्ट होती, आणि ती ऐकायला शेजारच्या गावांतूनही लोक यायचे.

"तिघेजण उड्या मारतायत. रस्त्यावरून नुसती वाफ निघतेय. आणि माझ्या पायाखाली, अल्लाची शपथ, झऱ्याकाठच्या दगडासारखं गार! मी म्हटलं, सोनुनबुबू, ही तुझीच दुआ. तिने जाताना म्हटलं होतं मला, तुम्ही चाला, मी वाट गार ठेवते."

कुणी तरुण विचारायचा, "पण आके, पाय तर भाजले ना?"

"भाजले ते नंतर. माझं मन डळमळलं ना! त्या गाढवाने विचारलं आणि मी खाली बघितलं. बघायला नको होतं."

"ओशचे डॉक्टर म्हणतात म्हणे, साखरेने पाय आधीच मेले होते."

मग आके उशीखालून आपल्या तपासणीच्या कागदाची घडी घातलेली प्रत काढायचे. "हे बघ. आमच्या अनारकुलने जायच्या आधी तपासलंय, धागा लावून लावून. काय लिहिलंय? ठीक. ओशच्या त्या पोराला अजून मिशी फुटली नाही, तो मला सांगणार? विचार तिला, इथेच बसलीय."

सगळे तिच्याकडे बघायचे. ती पट्टी गुंडाळत राहायची.

असं सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत. ती वाळत चालली होती. नवऱ्याने दोनदा मला विचारलं, तिला काही आजार निघालाय का? आणि आके तिला दर वेळी काहीतरी द्यायचेच. मूठभर खजूर, मक्केहून आणलेली जपमाळ, अत्तराची कुपी. "तुझ्यामुळे गेलो मी," म्हणायचे. "लोक काहीही बोलोत, मला पाठवलंस तू." घरी तिने ते सगळं कपाटात एका पिठाच्या डब्यामागे ठेवून दिलं होतं. एकाही खजुराला तोंड लावलं नव्हतं.

आकेंचा धाकटा भाऊ कालमात. त्याचं नाव येत्या जूनच्या हजच्या यादीत होतं. त्यालाही साखर. फेब्रुवारीतल्या एका दुपारी अनारकुल पट्टी सोडत होती आणि कालमात शेजारी चहा पीत बसला होता.

"मी तर ठरवलंय, एजे," तो तिला म्हणाला. एजे म्हणजे ताई, परिचारिकेला सगळे मानाने तसंच म्हणायचे. "चपला न्यायच्याच नाहीत. विमानतळावरच काढून टाकायच्या."

"का?"

"आकेंसाठी रस्ता गार झाला, तर माझ्यासाठी निदान कोमट तरी होईल. मी खाली बघणार नाही. त्यांनी बघितलं तिथे चुकलं."

आके खूश होऊन हसले. "ऐकलंस? हा माझ्या पुढे जाणार."

अनारकुलच्या हातात कोमट पाण्यात बुडवलेला कापूस होता. तिने तो भांड्यात टाकला.

"आके, तुमचे पाय जायच्या आधीच मेलेले होते."

"तू पण त्या ओशच्या पोरासारखं बोलायला लागलीस?"

"मी तपासताना दोनदा धागा टेकवलाच नव्हता. तुम्ही दोन्ही वेळा 'लागलं' म्हणालात."

 कालमातने पेला खाली ठेवला.

"मला कळलं होतं," ती म्हणाली. "तेव्हाच कळलं होतं. आणि मी ठीक लिहिलं."

"टेकवलाच नव्हतास?"

"नाही."

"मग मी लागलं कशाला म्हणेन?"

"मला वाटलं तुम्ही मुद्दाम म्हणताय. जायला मिळावं म्हणून."

आके उशीवरून उठून बसले. तिने त्यांना आयुष्यात कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही ते रागावलेले दिसले नाहीत. गोंधळलेले दिसले.

"मी? मी तुला फसवीन? हजला जायला खोटं बोलेन?" त्यांचा आवाज बारीक झाला. "मला लागत होतं, पोरी. मला खरंच लागत होतं. मी डोळे मिटून पडलो होतो आणि मला प्रत्येक वेळी लागत होतं."

नऊ महिने अनारकुल एका गोष्टीच्या आधाराने उभी होती. आम्ही दोघे सामील होतो, म्हाताऱ्यालाही माहीत होतं, त्याने मागितलं आणि मी दिलं. तो आधार त्या क्षणी गेला. आके सामील नव्हते. त्यांनी आपले पाय तिच्या हातात दिले होते, तिने "ठीक" म्हटलं आणि ते चालायला लागले.

"म्हणजे तो रस्ता," आके म्हणाले, आणि थांबले. मग पुन्हा म्हणाले, "तो रस्ता तापलेलाच होता?"

"हो."

"माझ्याही पायाखाली?"

"हो, आके."

 मग आकेंनी उशीखालून तो कागद काढला आणि तिच्यासमोर धरला.

"पट्टी बांध आणि जा."

तिने पट्टी बांधली. नेहमीसारखी, नीट. ती दारापर्यंत गेली तेव्हा आके मागून म्हणाले, "मी दोनशे माणसांना सांगितलंय. अर्ध्या पायाने मी आता दारोदार जाऊ? मी सांगितलेलं तू मोडलंस, तर तूच जाऊन सांग. शुक्रवारी. चहाखान्यात. सगळ्यांसमोर."

शुक्रवारी नमाजानंतर चहाखान्यात पुरुष गच्च भरलेले असतात. तिथे बाई उभी राहून बोलत नाही. मी तिला म्हटलं, "अगं, डॉक्टरांना सांग, कालमातला तर कळलंच आहे, झालं की काम. लोकांसमोर कशाला?" ती म्हणाली, "त्यांनी सांगितलंय." मीही गेले तिच्याबरोबर, दारापाशी उभी राहिले.

आके आले होते. काठ्या शेजारी ठेवून भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. अनारकुलने बोलायला सुरुवात केली तेव्हा आवाजच फुटेना. मागून कुणीतरी म्हणालं, "साबण विसरली वाटतं!" आणि दोघे-चौघे हसले. मग तिने सगळं सांगितलं. धागा, कागद, पिशवी, पुलाव. काही सोडलं नाही, काही सावरलं नाही. शेवटी म्हणाली, "ज्यांना साखर आहे त्यांनी आकेंची गोष्ट ऐकून अनवाणी चालू नका. रस्ता कुणासाठीही गार होत नाही. आकेंचे पाय माझ्यामुळे गेले."

 मग एक म्हातारा, उमुरझाक नावाचा, सोनुनबुबूच्या माहेरचा, हळूच म्हणाला, "हे ऐकलं नसतं तर बरं झालं असतं." आणि उठून गेला. त्याच्या मागोमाग आणखी काही. कुणी तिला शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर तिला सोपं गेलं असतं, असं ती मला रस्त्यात म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने प्रमुख डॉक्टरांना लिहून दिलं. ते म्हणाले, "आता कशाला उकरून काढतेस? तपासणीच्या कागदावर माझीही सही आहे." तिने लिहून दिलेलं परत घेतलं नाही. चौकशी झाली, तिला हजच्या कामावरून काढलं आणि मुलांच्या लशींच्या खिडकीवर बसवलं. डॉक्टरांनाही ठपका आला आणि ते तिच्याशी बोलेनासे झाले. पायांची तपासणी आता ओशहून येणारी एक तरुण डॉक्टरीण करते. कालमातचे पाय अर्धे बधिर निघाले. त्याचा मोठा मुलगा सोबत गेला, आणि कालमात जूनच्या शेवटी दोन्ही पायांवर चालत घरी आला.

पण आके चहाखान्यात जायचे बंद झाले. भेटायला येणारेही कमी झाले. जी माणसं गोष्ट ऐकायला यायची त्यांना आता काय बोलावं ते कळत नव्हतं. दिवसभर ते खिडकीशी बसून रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या बघायचे. अनारकुल म्हणाली, "पाय गेल्यावर त्यांच्याकडे तेवढी एकच गोष्ट उरली होती. तीही मीच नेली. कालमातसाठी सांगितलं म्हणते मी. पण सांगून झाल्यावर मला रात्री झोप लागली, तुर्सुनाय. नऊ महिन्यांनी पहिल्यांदा. ती झोप मला कुणी दिली? त्यांनीच ना?"

मी समोरच्या नळीवर नाव लिहायला घेतलं.

पट्टी बदलायला ती जातच राहिली. पहिले दोन महिने आकेंनी तिच्याशी एक शब्द काढला नाही. ती यायची, पाणी कोमट करायची, जखम धुवायची, बांधायची, जायची. त्यांना सांभाळायला येऊन राहिलेली सून चहा ठेवायची, ती न पिता उठायची. मे महिन्यात जखम भरली. पट्टीची गरज उरली नाही. तरी ती दर मंगळवारी पाय बघायला जाते, कारण अर्ध्या पावलावर नवीन ठिकाणी भार येतो आणि तिथे कधी फोड येईल ते आकेंना कळणार नाही.

गेल्या महिन्यात मी आकेंकडे साखर मोजायला गेले होते. ते खिडकीशीच होते. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आके, अनारकुलला माफ केलंत का हो तुम्ही? तिला विचारायचं धाडस होत नाही."

आकेंनी बोट पुढे केलं, मी टोचलं, थेंब घेतला. मग म्हणाले, "सोनुनबुबूला मी रोज विचारतो, वाट तू गार केली होतीस का नव्हतीस? ती काही बोलत नाही. आणि अनारकुलला माफ केलं म्हणालो, तर ती मंगळवारी यायची बंद होईल. मग पाय कोण बघणार? तू?"

"मी बघेन की."

"तुला काय कळतंय पायातलं?" ते म्हणाले. "आकडा किती आला ते सांग."

मी आकडा सांगितला. चांगला होता. परत येऊन मी अनारकुलला सगळं जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं ती हसेल, निदान थोडी हलकी होईल. ती लशींची पेटी पुसत होती. पुसून झाल्यावर तिने झाकण लावलं, हात धुतले, बोटांच्या मधूनसुद्धा, नीट, आणि पुढच्या मुलाच्या आईला आत बोलावलं.